उद्याच्या म्हातारपणासाठी आजचा हप्ता : पेन्शनच्या इतिहासातून

व्याख्यानमालेत पेन्शन हा विषय ठेवला म्हटल्यावर काही जणांनी विचारलं, सर, हा तर बँकेतल्या माणसाचा विषय आहे, तत्त्वज्ञानवाल्याचं इथं काय काम? त्याचं उत्तर आधी देतो. माणूस आज स्वतःच्या तोंडचा घास काढून वीस-तीस वर्षांनंतरच्या स्वतःसाठी बाजूला ठेवतो, ही साधी गोष्ट नाही. वीस वर्षांनंतरचा तो म्हातारा आज आपल्या ओळखीचा नाही. त्याचे गुडघे दुखतात की नाही, मुलगा त्याला विचारतो की नाही, आपल्याला ठाऊक नाही. डेरेक पार्फिट नावाच्या इंग्रज तत्त्वज्ञानं १९८४ च्या ग्रंथात हाच प्रश्न विचारला, की भविष्यातला मी आणि आजचा मी यांचं नातं नेमकं काय? त्याच्या आधी पिगू नावाच्या अर्थशास्त्रज्ञानं १९२० साली म्हटलं होतं की माणसाची दूरचं बघण्याची दुर्बीणच सदोष आहे. पुढचं सुख त्याला असतं त्यापेक्षा लहान दिसतं. म्हणजे विषय आमचाही आहे.

आता मुद्दा. निवृत्तीच्या वयाआधी, आपल्या मर्जीनं, सरकारी योजनेत जादा पैसे भरायचे आणि पेन्शन वाढवून घ्यायची, असे मार्ग आज बरेच आहेत. प्रश्न असा की हा 'मर्जीनं' शब्द इतिहासात कुठून आला, आणि ज्याला मर्जी विचारली जाते त्याला ती वापरता येते का? यासाठी थोडं मागं जावं लागेल.

आपल्याकडे पेन्शन आधी आली ती कृपा म्हणून. पेशवाईत लढाईत पडलेल्या शिपायाच्या मुलाबाळांना बालपरवेशी मिळे, विद्वानांना वर्षासन मिळे. निजामाच्या राज्यात मन्सब होती, वजिफा होता. देणारा मोठा, घेणारा लहान. त्यात घेणाऱ्यानं काही भरलेलं नसे आणि म्हणून त्याचा दावाही नसे. या व्यवस्थेचं सगळ्यांत ठळक उदाहरण म्हणजे दुसरा बाजीराव. १८१८ साली राज्य गेलं आणि इंग्रजांनी त्याला वर्षाला आठ लाखांची पेन्शन देऊन बिठूरला बसवलं. १८५१ मध्ये तो वारला आणि दत्तकपुत्र नानासाहेबांना कंपनीनं सांगितलं, पेन्शन बाजीरावांपुरती होती, ती संपली. नानासाहेबांनी अर्ज केले, अजीमुल्ला खानाला थेट लंडनला पाठवलं. उपयोग झाला नाही. पुढं १८५७ झालं, ते आपण शाळेत शिकलो. आपल्या विषयापुरतं एवढंच लक्षात ठेवा : कृपेच्या पेन्शनला कायद्याचा आधार नसतो, ती देणाऱ्याच्या मनावर असते.

दुसरी वाट युरोपात निघाली. १८८९ मध्ये बिस्मार्कच्या जर्मनीनं कायदा केला की कामगारानं थोडं भरायचं, मालकानं तेवढंच भरायचं, वर सरकार भर घालणार, आणि सत्तराव्या वर्षी पेन्शन. बिस्मार्क काही गरिबांचा कैवारी नव्हता. समाजवाद्यांकडे जाणारा कामगार त्याला राज्याशी बांधून ठेवायचा होता. पण परिणाम असा झाला की पेन्शन घेणाऱ्याच्या हातात पावती आली. मी भरलंय, आता तुम्ही द्या, असं म्हणायची सोय झाली. इंग्लंडनं १९०८ साली आधी उलटं केलं. सत्तरीच्या पुढच्या गरिबांना करातून पेन्शन, भरायचं काही नाही. मग १९२५ मध्ये तेही वर्गणीच्या पेन्शनकडे वळले. आज तिथं पूर्ण पेन्शनसाठी पस्तीस वर्षांची वर्गणी लागते आणि मधली वर्षं राहिली असतील तर स्वतःहून भरून ती भरून काढता येतात. आपल्याकडची जी मुलं लंडनला नोकरीला गेली, त्यांच्या घरात २०२५ च्या एप्रिलपर्यंत याच हिशोबाची घाई होती, कारण २००६ पर्यंतची मागची वर्षं भरायची सवलत तेव्हा संपत होती.

हे सगळं लांबचं झालं. आपल्या हैदराबाद संस्थानात काय होतं? सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या काळात, १९०७ साली, सरकारी नोकरांसाठी पगारातून कापून घेण्याची एक योजना सुरू झाली. तीच पुढं सरकारी आयुर्विम्याच्या रूपानं टिकली आणि आजही सीमेपलीकडं तेलंगणात आणि खाली आंध्रात ती चालू आहे. राज्य गेलं, भाषावार प्रांत झाले, १९५६ ला आपण मुंबई राज्यात आलो, १९६० ला महाराष्ट्रात. पण एका निजामाच्या काळातली कपात अजून शेजारच्या सरकारी नोकराच्या पगारपत्रकावर दिसते. राजवटी जातात, हिशोबाच्या वह्या राहतात, असं म्हणायला हरकत नाही.

आता आपल्या स्टेशनाकडे या. धर्माबादवरून जाणारी मनमाड-सिकंदराबाद लाईन ही निजामाच्या रेल्वेची. आधी ती कंपनी चालवायची, १९३० मध्ये निजाम सरकारनं विकत घेतली, १९५१ मध्ये ती मध्य रेल्वेत गेली. देशभरच्या रेल्वेत बहुतेक नोकरांना पेन्शन नव्हती, प्रॉव्हिडंट फंड होता. नोकर भरणार, रेल्वे तितकेच घालणार, निवृत्तीला एकरकमी गाठोडं हातात. १९५७ मध्ये रेल्वेनं पेन्शन आणली. १६ नोव्हेंबर १९५७ पासून लागलेल्याला ती आपोआप. जे आधीपासून नोकरीत होते त्यांच्यापुढे कागद ठेवला गेला : फंडात राहता की पेन्शन घेता? पेन्शन घेतली तर तुमच्या फंडात रेल्वेनं घातलेला वाटा रेल्वेकडे परत जाईल.

हा प्रश्न त्या काळच्या गँगमनच्या जागी उभं राहून बघा. हातात येणारं गाठोडं डोळ्यांना दिसतं. त्यात मुलीचं लग्न होतं, घरावर पत्रे पडतात, दोन एकर जमीन होते. पेन्शन म्हणजे दर महिन्याला येणारी छोटी रक्कम, तीही आपण किती जगू यावर अवलंबून. अनेकांनी गाठोडं निवडलं. त्या काळाच्या हिशोबात ते शहाणपणाचंच होतं. पण पुढं महागाई वाढली, पेन्शनवाल्यांची पेन्शन महागाईबरोबर वाढत गेली आणि गाठोडंवाल्यांचं गाठोडं संपलं. रेल्वेनं मधून मधून पुन्हा पर्याय दिले, पण ते बहुतेक नोकरीत असलेल्यांना किंवा विशिष्ट तारखेनंतर निवृत्त झालेल्यांना. राहिलेले म्हातारे सर्वोच्च न्यायालयात गेले. १९९० मध्ये कृष्णकुमार विरुद्ध भारत सरकार या खटल्याचा निकाल आला. न्यायालयानं सांगितलं, फंड आणि पेन्शन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फंड घेणाऱ्याशी सरकारचा व्यवहार तो पैसे घेऊन गेला त्या दिवशी पुरा झाला. म्हातारे हरले.

याच्या आठ वर्षं आधी, १७ डिसेंबर १९८२ ला, एक निकाल बरोबर उलट्या बाजूचा लागला होता. डी. एस. नाकारा यांचा खटला. सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड यांचं पाच जणांचं पीठ, निकालपत्र न्यायमूर्ती देसाई यांचं. पेन्शन ही भीक नाही, मालकाची मेहेरबानी नाही, केलेल्या सेवेचा तो मोबदला आहे, असा त्याचा आशय. एका ठरावीक तारखेच्या आधी निवृत्त झाला म्हणून एखाद्याला वाढीव लाभ नाकारता येणार नाही, असंही सांगितलं. पेन्शनर मंडळी आजही १७ डिसेंबरला पेन्शनर दिन करतात तो यासाठी. म्हणजे बघा, बाजीरावाची पेन्शन कृपा होती, नाकारांची पेन्शन हक्क झाली. आणि फंडवाल्या रेल्वे नोकराला सांगितलं गेलं की तुझा हा व्यवहार होता, तू निवड केलीस, विषय संपला. एकाच देशात या तीन गोष्टी घडल्या.

आमच्या प्राध्यापकांच्या बाबतीतही हेच झालं. अनुदानित महाविद्यालयांत फंडाची पद्धत होती. राज्य सरकारनं १ ऑक्टोबर १९८२ पासून पेन्शन लागू केली आणि विकल्प मागितला. स्टाफरूममध्ये महिनाभर दुसरा विषय नव्हता. गणिताचे प्राध्यापक कागदावर चक्रवाढ व्याज मांडत होते, इंग्रजीवाले म्हणत होते सरकारचा काय भरवसा. आमच्यातल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यानं फंड ठेवला. त्यांना तीन मुली होत्या आणि पैसे हातात हवे होते. पुढं नव्वदी गाठलेल्या त्या गृहस्थांना त्यांच्या हाताखाली शिकलेल्या माणसाच्या पेन्शनकडे बघत दिवस काढावे लागले. त्यांना गणित कळत नव्हतं असं नाही. आपण नव्वद वर्षं जगू, हे त्यांना ठाऊक नव्हतं. ते कुणालाच ठाऊक नसतं.

इथं एक बारीक पण फार महत्त्वाची गोष्ट सांगतो. केंद्र सरकारनं १ मे १९८७ ला आपल्या फंडवाल्या नोकरांसाठी आदेश काढला, तेव्हा नियम फिरवला. ज्याला फंडात राहायचंय त्यानं तसं लिहून द्यावं. जो काहीच लिहून देणार नाही तो पेन्शनमध्ये आला असं समजलं जाईल. निवड तीच. पण गप्प बसणाऱ्याचं काय करायचं, याचं उत्तर बदललं. आणि गप्प बसणारे नेहमी जास्त असतात, मित्रहो. कुणी रजेवर असतं, कुणाला फॉर्म कळत नाही, कुणाचं घरात आजारपण चालू असतं. निवडीचं स्वातंत्र्य देताना गप्प बसणाऱ्याला कुठल्या बाजूला ठेवता, यावर हजारो म्हातारपणं ठरतात.

आता खाजगी नोकरदार, कारखान्यातला कामगार, एसटीचा वाहक-चालक यांच्याकडे येऊ. १९५२ चा प्रॉव्हिडंट फंडाचा कायदा आला तेव्हा तो सहा उद्योगांना लागू होता : सिमेंट, सिगारेट, इंजिनिअरिंग, लोखंड-पोलाद, कागद आणि कापड. त्यातही गाठोडंच होतं. १९७१ मध्ये कुटुंब पेन्शन जोडली आणि १६ नोव्हेंबर १९९५ पासून कर्मचारी पेन्शन योजना आली, जिला आपण ईपीएस पंच्याण्णव म्हणतो. मालकाच्या वाट्यातले ८.३३ टक्के पेन्शनकडे वळवले, सरकार १.१६ टक्के घालतं. पण हे टक्के खऱ्या पगारावर नाहीत, कमाल मर्यादेच्या पगारावर. ती मर्यादा आधी ५,०००, मग २००१ पासून ६,५०० आणि २०१४ पासून १५,००० रुपये. म्हणजे पगार चाळीस हजार असला तरी पेन्शनच्या खात्यात महिन्याला साडेबाराशेच जातात.

पेन्शनचं सूत्र सोपं आहे. पेन्शनपात्र पगार गुणिले सेवेची वर्षं, भागिले सत्तर. पस्तीस वर्षं आणि १५,००० धरा : साडेसात हजार. तीच पस्तीस वर्षं आणि खरा पगार ४०,००० धरा : वीस हजार. फरक कळला ना? आणि प्रत्यक्षात जुन्या पगारांमुळे आणि तुटक सेवेमुळे साडेसात हजारही फार थोड्यांना मिळतात. २०१४ मध्ये किमान पेन्शन १,००० रुपये ठरली. ती साडेसात हजार आणि वर महागाई भत्ता व्हावी म्हणून बुलढाण्याचे कमांडर अशोक राऊत आणि त्यांच्याबरोबरची म्हातारी माणसं वर्षानुवर्षं आंदोलन करताहेत.

आता लक्ष द्या, कारण आपला विषय इथं नेमका येतो. मार्च १९९६ मध्ये या योजनेत एक तरतूद घातली गेली होती : कामगार आणि मालक दोघांनी मिळून लिहून दिलं तर खऱ्या पगारावर पेन्शनची वर्गणी भरता येईल. मर्जीनं जास्त भरा, जास्त पेन्शन घ्या. कायद्यात दार होतं. ते किती कामगारांना माहीत होतं? आपल्या भागातल्या कुठल्या कारखान्याच्या फाटकावर ती तरतूद मराठीत लावलेली मला तरी दिसली नाही. ज्यांनी नंतर मागणी केली त्यांना सांगितलं गेलं की मुदत संपली. हिमाचल प्रदेशच्या पर्यटन महामंडळाचे कर्मचारी आर. सी. गुप्ता आणि त्यांचे सहकारी यावर लढले आणि २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, अशी मुदत त्या तरतुदीत नव्हतीच. मधल्या काळात, २०१४ ला, तरतूदच काढून टाकली होती. अखेर ४ नोव्हेंबर २०२२ च्या निकालानं १ सप्टेंबर २०१४ ला नोकरीत असलेल्यांना आणखी चार महिन्यांची संधी दिली आणि त्याआधी विकल्प न देता निवृत्त झालेल्यांना वगळलं. पुढं मुदतवाढ होत होत जुलै २०२३ उजाडलं. त्या महिन्यांत निवृत्त माणसं नातवाच्या मोबाईलवर फॉर्म भरत होती, पंचवीस वर्षांपूर्वीच्या पगाराच्या चिठ्ठ्या शोधत होती, आणि मिळालेल्या फंडातले पैसे व्याजासकट परत भरायचे की नाही याचा हिशोब करत होती. सत्तर वर्षांच्या माणसानं आठ-दहा लाख परत भरायचे, ते वसूल व्हायला किती वर्षं जगावं लागेल याचा हिशोब करायचा! आमच्या पार्फिटसाहेबांनाही असा प्रश्न सुचला नसता.

एक खुलासा करतो, कारण घोळ होतो. फंडात बारा टक्क्यांपेक्षा जास्त भरण्याची जी सोय आहे, ऐच्छिक प्रॉव्हिडंट फंड, त्यानं गाठोडं वाढतं, ईपीएसची पेन्शन एका रुपयानंही वाढत नाही. दोन्ही पैसे एकाच पगारातून जातात म्हणून माणसाला वाटतं पेन्शन वाढली. ती नाही वाढत.

राहिले ते सगळ्यांत जास्त : शेतकरी, शेतमजूर, मोंढ्यातला हमाल, पानटपरीवाला. धर्माबादची मिरची देशभर जाते, पण मिरचीचं पोतं उचलणाऱ्याच्या खोकल्याला पेन्शन कुठली? त्यांच्यासाठी २०१५ मध्ये अटल पेन्शन योजना आली. अठरा ते चाळीस वयात नाव घालायचं, साठीनंतर महिना एक ते पाच हजार, आणि त्या रकमेची सरकारची हमी. अठराव्या वर्षी सुरू केलं तर पाच हजारांसाठी महिना २१० रुपये, चाळिसाव्या वर्षी सुरू केलं तर १,४५४. वर्षातून एकदा रक्कम वाढवता येते, कमीही करता येते. २०१९ मध्ये श्रमयोगी मानधन आणि किसान मानधन आल्या : वयानुसार महिना ५५ ते २०० रुपये, सरकार तितकेच घालणार, साठीला तीन हजार. थेंबे थेंबे तळे साचे, या म्हणीवर उभ्या असलेल्या या योजना आहेत आणि मी त्यांच्या विरुद्ध नाही. नाव घाला असंच मी विद्यार्थ्यांना सांगतो.

पण हिशोब पुरा सांगितला पाहिजे. २०१५ साली अठरा वर्षांचा असलेल्या मुलाला पाच हजार मिळायला लागतील २०५७ मध्ये. तोवर वर्षाला पाच टक्के महागाई धरली, तर ते पाच हजार २०१५ च्या साडेसहाशेच्या आसपास भरतील. ही पेन्शन महागाईबरोबर वाढत नाही. रेल्वेच्या गाठोड्यावाल्याचं जे झालं ते याचं होणार, फक्त दर महिन्याला थोडं थोडं.

आणि आपल्या भागात आणखी एक गोष्ट आहे, जी पुण्या-मुंबईच्या वक्त्याला दिसणार नाही. बासरला आपण दर्शनाला जातो, सोयरिका त्या बाजूला आहेत. तेलंगणात २०१४ मध्ये म्हाताऱ्यांची आसरा पेन्शन १,००० झाली, २०१९ मध्ये २,०१६. त्याच काळात आपली श्रावणबाळ योजना ६०० वरून १,००० वर आली, आणि १,५०० व्हायला २०२३ उजाडावं लागलं. एकाच आजीच्या दोन मुली, एक अलीकडं दिलेली, एक पलीकडं. दोघींनी आयुष्यभर शेतात निंदणीच केली. म्हातारपणी एकीला दुप्पट. आपल्या तालुक्यातल्या सरपंचांनी तेलंगणात जायची भाषा केली तेव्हा वर्तमानपत्रांना त्यात राजकारण दिसलं. राजकारण असेलही. पण त्यामागं ही दोन पासबुकं होती.

यातून मला काय म्हणायचंय? ऐच्छिक वर्गणी चांगली, पण ती दुसरा मजला आहे. पहिला मजला सक्तीचा किंवा करातला असावा लागतो. याचा पुरावा महाराष्ट्रातच आहे. १९६९ चा माथाडी कायदा. अण्णासाहेब पाटील, बाबा आढाव यांच्यासारख्यांनी हमालांची संघटना बांधली म्हणून राज्याला हा विचार करावा लागला. त्या कायद्यानं हमालाला विचारलं नाही की बाबा, तुझी मर्जी आहे का. व्यापाऱ्यानं मजुरीवर लेव्ही भरायची, माथाडी मंडळानं ती जमा करायची आणि त्यातून हमालाला फंड, ग्रॅच्युइटी, रजा. ज्याच्याकडं संध्याकाळच्या ज्वारीपुरतेच पैसे आहेत त्याची मर्जी विचारणं ही थट्टा आहे, हे त्या कायद्यानं ओळखलं. मंडळ जिथं नीट चाललं तिथं हमालाला म्हातारपणी काहीतरी हातात आलं. जिथं मंडळ पोचलंच नाही तिथं नाही आलं.

आणि ज्याच्याकडं मर्जी आहे, म्हणजे इथं बसलेले तरुण शिक्षक, दुकानदार, बँकेतली मुलं, त्यांना इतिहास तीन गोष्टी सांगतो. पहिली : विकल्पाच्या कागदावर जी तारीख असते ती पेन्शनइतकीच महत्त्वाची असते; १९५७ ला, १९८२ ला, २०२३ ला ज्यांना तारीख कळली नाही त्यांना नंतर न्यायालयात जावं लागलं. दुसरी : आपण नव्वद वर्षं जगणार असं धरून हिशोब करा, लवकर गेलात तर वारसाला मिळेल अशी योजना बघा, पण स्वतःला कमी आयुष्य देऊन बचत करू नका. तिसरी : प्रत्येक योजनेत एकच प्रश्न आधी विचारा, ही रक्कम महागाईबरोबर वाढते का? मार्च २०२३ मध्ये राज्यातले सरकारी कर्मचारी संपावर गेले ते जुनी पेन्शन मागायला, आणि जुन्या पेन्शनचं मोल मुख्यतः या एका प्रश्नाच्या उत्तरात आहे. २००५ नंतर लागलेल्यांना ते उत्तर बदललेलं मिळालं.

उद्या गटशिक्षणाधिकारी असोत, कारखान्याचा हिशोबनीस असो की बँकमित्र, तो विकल्पाचा फॉर्म पुढं करेल तेव्हा त्याला विचारा, की मी काहीच लिहून दिलं नाही तर मला कुठल्या बाजूला धरणार? त्याला उत्तर येत नसेल तर सही करू नका, आणि घरीही जाऊ नका. उत्तर माहीत असलेला माणूस कोण, हे विचारा आणि त्याच्याकडं जा.